मैदानावर परतण्याची घाई

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मुलींच्या हॅन्डबॉल-संघाचें छायाचित्र शाळेच्या वार्षिकांत छापलें गेलें. त्यांत एक मुलगी नाहीं. तिच्या अभावाचा वांटेकरी मी आहें, म्हणून हा लेख लिहीत आहें.

ती इयत्ता नववींत होती. सरावाच्या वेळीं उडी मारून चेंडू फेंकल्यावर तिचा उजवा घोटा मुरगळला, सुजला व काळानिळा झाला. बारा दिवसांनीं सूज ओसरली आणि ती नीट चालूं लागली. आंतरशालेय सामना दोन दिवसांवर येऊन ठेपला होता. मीं विचारलें, "दुखतें का ग?" ती म्हणाली, "नाहीं, सर." तेवढ्यावर मीं तिला खेळूं दिलें. उत्तरार्धांत गोलावर उडी मारून ती खालीं आली ती दुखरा पाय जपत, सारा भार डाव्या पायावर टाकून. आणि डाव्या गुडघ्यांतील अस्थिबंध तुटला. एका दुखापतींतूनच दुसरी उद्भवली असें डॉक्टरांनीं निश्चयानें सांगितलें नाहीं. तरीपण माझें मन मला दोषमुक्त करीत नाहीं.

हॅन्डबॉल हा खेळ दिसतो त्याहून कठोर आहे. ४० मीटर लांब व २० मीटर रुंद जागेंत दोन्हीं बाजूंचे सात सात खेळाडू धांवतात, एकदम थांबतात, हुलकावणी देऊन दिशा बदलतात, हवेंत उडून चेंडू फेंकतात आणि पुष्कळदां एकाच पायावर उतरतात. गुडघ्यांतील पुढचा अस्थिबंध बहुधा गुडघ्यावर थेट धक्का बसून तुटत नाहीं. अशा हुलकावणीच्या वळणावर किंवा उडीनंतर उतरतांना तुटतो, आणि मुलांपेक्षां मुलींत हें अधिक आढळतें.

"दुखतें का?" हा प्रश्नच अपुरा आहे, असें आतां माझें ठाम मत झालें आहे. एक तर खेळण्यास आतुर असलेलें मूल त्याचें खरें उत्तर देत नाहीं. यांत त्याला खोटें बोलल्यासारखेंही वाटत नाहीं. दुसरें असें कीं, वेदना आधीं जाते आणि शक्ति मागाहून येते. घोटा मुरगळतो तेव्हां अस्थिबंध ताणला जातोच, पण त्याबरोबर पाय कोठें व कसा टेकला आहे हें मेंदूस कळविणारी जाणीवही मंद होते. घरीं करून पाहा: डोळे मिटून आधीं चांगल्या पायावर व मग दुखावलेल्या पायावर उभें राहावें. ज्या मुलीस "कांहींच दुखत नाहीं", ती दुसऱ्या खेपेस क्षणार्धांत डोलूं लागते. असा पाय चालण्यास योग्य असेल, हुलकावणी देण्यास नाहीं. एकदां मुरगळलेला घोटा पुन्हां पुन्हां मुरगळतो, त्याचें एक मोठें कारण हेंच.

आपल्याकडे लचक भरली कीं ती "काढणारी" माणसें गांवोगांव असतात. आंबेहळदीच्या लेपाशीं माझें भांडण नाहीं. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत सुजलेला घोटा जोरानें चोळणें व शेकणें यानें सूज वाढते. त्या वेळीं पाय उंच ठेवावा, पट्टी बांधावी, आणि चार पावलेंही टाकतां येत नसतील तर हाड मोडलें आहे कीं काय हें डॉक्टरांकडून पाहून घ्यावें. मात्र कित्येक पालक महिनाभर मुलाला खाटेवरून उठूं देत नाहींत, तेंही हिताचें नव्हे. सोसेल तितका भार लवकर द्यावा. मग टांचा उचलणें, एका पायावर तोल सांभाळणें, सरळ धांवणें, वळणें घेत धांवणें, उड्या, आणि शेवटीं चेंडूसह पूर्ण सराव, अशी चढण असावी. दुसऱ्या दिवशीं सूज आली तर एक पायरी खालीं उतरावें. दुखावलेल्या पायानें एकपायी उडींत चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के अंतर तोडल्याखेरीज सामन्याचें नांव काढूं नये.

गुडघ्याचें दुखणें याहून पुष्कळ लांब चालतें. अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या १०६ खेळाडूंची पाहणी नॉर्वे व अमेरिका येथील संशोधकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केली. तींत नऊ महिने होईपर्यंत परतण्यास लावलेल्या प्रत्येक महिन्याच्या विलंबानें पुन्हां दुखापत होण्याचें प्रमाण सुमारें निम्म्यानें घटलेलें दिसलें. नऊ महिने म्हणजे शाळेचें जवळजवळ एक वर्ष! हें ऐकून कोणत्याही मुलाचें तोंड उतरेल. परंतु त्याला आधींच सांगणें हें, दर महिन्यास "पुढच्या महिन्यांत" असें म्हणत झुलविण्यापेक्षां अधिक प्रामाणिक आहे.

डोक्यास मार लागल्यास तर विचार करण्यास जागाच नाहीं. मूल गोंधळलें, भोंवळ आली, मळमळलें, तर त्या दिवशीं पुन्हां मैदान नाहीं. मग सामना अंतिम असो.

घाई करण्यांत आम्ही शिक्षक कमी नाहीं. ढालीचें कपाट रिकामें राहूं नये असें आम्हांसही वाटतें. पालकांच्या मनांत दहावीच्या परीक्षेंत खेळाडूंस मिळणारे वाढीव गुण असतात, आणि त्यांसाठीं अमुक पातळीच्या स्पर्धेंत खेळलेंच पाहिजे असें मुलाला ऐकविलें जातें. उलट, मुलगी एकदां पडली कीं तिचा खेळच बंद करणारे पालकही मला भेटले आहेत. मुलाचा पाय मोडला तर तो केव्हां बरा होईल असें विचारावयाचें, आणि मुलीचा मोडला तर "तरी सांगत होतों" असें म्हणावयाचें, हा न्याय मला कधींच समजला नाहीं.

पुष्कळशा दुखापती टाळतां येतात, ही गोष्ट तर आपण विसरूनच जातों. नॉर्वेमध्यें १२० हॅन्डबॉल-संघांतील १५ ते १७ वर्षांच्या १८३७ खेळाडूंवर एक प्रयोग झाला व २००५ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. निम्म्या संघांनीं सरावापूर्वीं पंधरा-वीस मिनिटें धांवण्याचे, उतरण्याचे, तोल सांभाळण्याचे व मांड्यांच्या बळाचे व्यायाम केले. त्यांच्यांत गुडघ्याच्या व घोट्याच्या दुखापती इतरांच्या मानानें जवळजवळ निम्म्या झाल्या. यासाठीं कांहीं महागडें साहित्य लागतें असें नाहीं. गुडघा आंत न वळवितां, तो वांकवून, दोन्हीं पायांवर मऊ उतरण्याची संवय लावणें हाच त्यांतील मुख्य भाग.

आमच्या क्रीडाशिक्षकांशीं बोलून मीं एक वही घातली आहे. प्रत्येक दुखापतीची तारीख, डोळे मिटून तोल किती वेळ राहिला, एकपायी उडी किती लांब गेली, हें तींत लिहिलें जाईल. आणि शिक्षक व पालक या दोघांचीही सही पडल्याशिवाय खेळाडूचें नांव संघांत येणार नाहीं. येत्या जूनपासून सरावही वीस मिनिटें आधीं सुरू होईल. तेव्हां शाळा सुटल्यावर मूल उशिरां घरीं आलें तर पालकांनीं रागावूं नये, आणि बरोबर डब्यांत एक पोळी अधिक द्यावी, एवढीच विनंति.