इंग्लिश खेड्यातील दान आणि मान

इंग्रजी कादंबऱ्या आवडीने वाचणाऱ्या आपल्या घरांतून इंग्लंडातील खेड्याचे एक ठराविक चित्र रूढ झालेले आहे. जुने दगडी देवालय, त्याच्या शेजारी धर्मोपाध्यायाचे टुमदार घर, हिरवळीवर मांडलेला चहा आणि दुरून ऐकू येणारा घंटानाद! हे चित्र खोटे नव्हे. परंतु ते धर्मोपाध्यायाच्या खिडकीतून पाहून काढलेले आहे. त्याच खेड्यातील शेतमजुराच्या बायकोस तेच जग कसे दिसत असेल, हे सांगणारे लेखक फार थोडे. फ्लोरा टॉमसन ही त्या थोड्यांपैकी एक होय. १८७६ साली ऑक्सफर्डशर परगण्यातील जुनिपर हिल नावाच्या लहानशा वाडीत एका गवंड्याच्या घरी तिचा जन्म झाला. पुढे १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या 'लार्क राइज' या ग्रंथात, गावांची नावे तेवढी बदलून, तिने आपल्या बाळपणीचा, म्हणजे १८८० नंतरच्या दशकाचा, संसार बारकाईने वर्णिला आहे. प्रस्तुत लेखास मुख्य आधार तिचाच आहे.

प्रथम 'पॅरिश' म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. एका देवालयाच्या अधिकाराखाली येणाऱ्या मुलखास पॅरिश म्हणत. तेथील मुख्य धर्मोपाध्यायास शेतीच्या उत्पन्नाचा दशांश मिळण्याचा हक्क असे. १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी तो रोख रकमेत ठरू लागला. बारशापासून मूठमातीपर्यंतचे संस्कार तर त्याच्या हाती असतच. शिवाय गावकीची सभाही त्याच्याच अध्यक्षतेखाली भरे. जुनिपर हिल ही कॉटिस्फर्ड पॅरिशमधील वाडी. देवालय आणि शाळा दोन्ही मूळ गावी, सुमारे दीड मैलावर. मुले ती वाट रोज पायी तुडवीत.

वाडीतील मजुराचा पगार आठवड्यास १० शिलिंग. शुक्रवारी संध्याकाळी तो पैसा पुरुष बायकोच्या हाती ठेवी आणि ती त्यातला एक शिलिंग त्याच्या खर्चासाठी परत देई. उरलेल्यात सारा संसार तिने चालवावयाचा. ऊन अन्न दिवसातून एकदाच, संध्याकाळी. एकाच मोठ्या भांड्यात मांसाचा लहानसा तुकडा, जाळीत बांधलेला कोबी व बटाटे आणि फडक्यात गुंडाळलेला कणकेचा गोड लोळा, असे सर्व एकत्र शिजे. ते मांस घरच्या डुकराचे. आमच्या वाचकांस हा विषय रुचणारा नाही. परंतु तो टाळला तर त्या संसाराचा हिशेबच लागत नाही. प्रत्येक घरामागे एक डुक्कर असे, आणि रविवारी शेजारी-पाजारी येऊन त्याची वाढ कौतुकाने न्याहाळीत. त्याच्या खाद्यासाठी उधारी होई, आणि पुष्कळदा अर्धे जनावर आधीच सावकाराचे झालेले असे. तरीही ते कापल्यावर प्रथम शेजाऱ्यांकडे वानोळा जाई. त्यांचे जनावर कापले, की तसाच वानोळा परत येई. या देवघेवीत कोणाची मान खाली जात नसे.

धर्मोपाध्यायाच्या घरून येणारी मदत मात्र निराळ्या जातीची होती. वाडीत कोणी बाळंत होण्याच्या बेतात असली, म्हणजे त्याच्या मुलीकडून एक पेटी येई. तीत बाळाचे कपडे प्रत्येकी अर्धा डझन नीट घडी करून ठेवलेले असत, आणि सोबत चहा-साखरेची पुडी असे. गरज सरली, की कपडे धुऊन, इस्त्री करून पेटी परत करावयाची. वाडीतील बायकांस या पेटीचे मोल पुरेपूर ठाऊक होते. देणारीचे मनही चांगले होते, यात शंका नाही. परंतु या पेटीस परतीचा वानोळा नव्हता. तिची फेड वेगळ्याच नाण्यात करावी लागे.

ते नाणे मुलांस शाळेतच हाती मिळे. धर्मोपाध्याय रोज सकाळी शाळेत येऊन धर्मशास्त्र शिकवी. आपल्याहून थोर असतील त्यांच्यापुढे नम्र राहावे आणि देवाने नेमून दिलेल्या स्थितीत समाधान मानावे, हा त्या शिकवणीचा गाभा. वाटेत धर्मोपाध्याय किंवा जमीनदारीण भेटली, की मुलींनी गुडघे मोडून आणि मुलग्यांनी कपाळाला हात लावून वंदन करावयाचे. देवालयातील बैठकीही दर्जाप्रमाणेच.

ही फेड नाकारली, तर काय होई? १८७२ साली वॉरिकशरमध्ये जोसेफ आर्च या मजुराने शेतमजुरांचा संघ उभारण्यास आरंभ केला. पुढील वर्षी ऑक्सफर्डशरमधील अ‍ॅस्कट-अंडर-विचवुड या गावी मजुरांनी काम थांबविले. त्यांच्या जागी आणलेल्या मजुरांस अडविल्याबद्दल १६ स्त्रियांस सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्यांतील काहींच्या कडेवर तान्ही मुले होती. शिक्षा ठोठावणारे दोघे न्यायाधीश धर्मोपाध्याय होते!

तरुणांस निदान वाडी सोडून जाण्याचा मार्ग मोकळा असे. बारा-तेरा वर्षांच्या मुली परक्या घरी चाकरीस लागत आणि तुटपुंज्या पगारातून आईस पैसे पाठवीत. मुलगे शहरांत, सैन्यात किंवा वसाहतींत जात. मागे उरत म्हातारी माणसे. मुलाच्या दोन खोल्यांत आधीच पाच-सहा लेकरे. तेथे म्हाताऱ्यास जागा कोठून निघावी? अंगात बळ होते तोवर काम, आणि ते सरल्यावर 'वर्कहाउस' म्हणजे सरकारी दरिद्रगृह. १८३४ च्या कायद्याने तेथील राहणी मुद्दामच अशी खडतर केलेली होती, की नाइलाज झाल्यावाचून कोणी दार ठोठावू नये. जन्मभर एकत्र राहिलेल्या पतिपत्नींस तेथे सहसा वेगवेगळ्या दालनांत ठेवीत. जन्मभर कोणापुढे हात न पसरलेली माणसे मरणापेक्षा या दाराला अधिक भीत.

हा डोलारा एका दिवसात बदलला नाही. १८८४ च्या कायद्याने शेतमजुरास मत मिळाले. १८९४ साली निवडलेल्या ग्रामसभा अस्तित्वात येऊन धर्मोपाध्यायाच्या हातची गावकी सुटली. त्या सभांसाठी स्त्रियांसही मत देता येई आणि निवडून येता येई. नंतर १९०८ सालचा वृद्धवेतनाचा कायदा झाला. १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरीब माणसास आठवड्यास ५ शिलिंगपर्यंत रक्कम मिळू लागली. आणि तीही दरिद्रगृहातून नव्हे, टपालकचेरीतून. कोणाचे दार ठोठावणे नको, की कोणास वंदन करणे नको.

पहिल्या वेळी पैसे घेताना वाडीतील कित्येक वृद्धांच्या डोळ्यांत पाणी आले, असे फ्लोरा टॉमसन लिहिते. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांस ते 'लॉर्ड जॉर्ज' म्हणून दुवा देत. एवढे औदार्य करणारा मनुष्य लॉर्डच असला पाहिजे, अशी त्यांची समजूत! आणि खिडकीमागे बसून पैसे मोजणाऱ्या मुलीसाठी ते आपल्या बागेतील फुले आणि सफरचंदे घेऊन येत. पैसा कायद्याने त्यांचाच होता, हे त्यांस उमजले नव्हते. परंतु कोणी मागितली नसता, वाकून न देता, बरोबरीच्या शेजाऱ्यास द्यावी तशी ही परतीची भेट त्यांनी त्या खिडकीत आपण होऊन ठेवली.