व्हॅलिडिटीचं ओझं कोणावर?

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत एकच प्रश्न घुमतो : ‘व्हॅलिडिटी आली का?’ प्रांताधिकाऱ्यांनी दिलेला जातीचा दाखला हातात असतो. पण जात पडताळणी समितीने तो वैध ठरवल्याशिवाय राखीव जागेवरचा व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश पक्का होत नाही.

पडताळणी हवीच. खोट्या दाखल्यावर बळकावलेली प्रत्येक जागा खऱ्या हक्कदाराच्या तोंडचा घास असते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात छाननी समित्यांची आणि दक्षता पथकांची चौकट घालून दिली. १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आलेल्या राज्याच्या कायद्याने जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली. दुखणं इथेच आहे.

अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे विचारले जातात. ज्याचा आजा शाळेची पायरी चढला नाही, ज्याच्या नावावर सातबारा नव्हता, जो गावोगाव पालं टाकत जगला, त्याच्या नातीने निर्गम उतारा आणायचा कुठून? जो जितका वंचित, त्याच्याकडे तितके कागद कमी. गृहचौकशीची तरतूद आहे, पण तोवर प्रवेशाची मुदत थांबत नाही.

जे कागद आहेत, तेही बहुतेक सरकारच्याच ताब्यात. जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, अनेकदा मोडीत लिहिलेलं. सरकारी दप्तरातला कागद सरकारी समितीपुढे ठेवण्यासाठी बापाने रोजगार बुडवून हेलपाटे घालावेत, हा अन्याय आहे.

तो टाळता येतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्हा प्रशासनांनी जुनी दप्तरं उघडली, मोडी जाणकार बसवले, मराठा समाजातल्या कुणबी नोंदी शोधून संकेतस्थळांवर टाकल्या. जे एका समाजासाठी जमलं, ते सगळ्यांसाठी करावं. प्रत्येक तालुक्यातल्या जुन्या नोंदी सर्व जाती-जमातींसाठी वाचून, गावनिहाय सूची लावून खुल्या कराव्यात. अर्ज आला की शोध समितीने स्वतः घ्यावा. पुरावा ज्याच्या कपाटात आहे, तो शोधण्याची जबाबदारीही त्याचीच असली पाहिजे.