आडनाव एक, ठिकाणं किती!

मुलांनो, विज्ञानाच्या पुस्तकात 'पास्कल' हे दाबाचं एकक भेटतं ना? ते फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कलचं आडनाव. त्याचे वडील करवसुलीचे अधिकारी. त्यांची ती किचकट आकडेमोड बघून या मुलाने १६४२ साली, विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवायला घेतलं! म्हणून तर निक्लाउस विर्थ यांनी १९७० मध्ये संगणकाच्या नव्या भाषेला 'पास्कल' नाव दिलं. चंद्रावर पास्कल नावाचं विवरही आहे.

'पास्कलचा त्रिकोण' हे नाव मात्र मला खटकतं बरं का. हीच मांडणी आपल्याकडे हलायुधाने दहाव्या शतकात 'मेरुप्रस्तार' म्हणून समजावली होती. मी फळ्यावर दोन्ही नावं लिहिते. खाली १, मग १ १, मग १ २ १... पुढची ओळ सांगा पाहू!