मुंबईनं पोरगं बिघडवलं नाही, अण्णा

पोस्ट मोठी आहे. घरात लग्नाच्या वयाचं मूल असेल त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ ऑफिसात आले. आमच्याच बार्शी तालुक्यातले, जुन्या ओळखीचे. त्यांना इथं अण्णा म्हणतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, उगाच शोधत बसू नका.) चहा झाला, सोयाबीनचा भाव झाला, तरी उठेनात. शेवटी त्यांनी दार लोटून घेतलं आणि मोबाईल पुढं केला. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो होता. त्यांचा मुलगा. गालावर सात रंगांचे पट्टे, हातात झेंडा आणि तोंडभर हसू.

"मुंबईनं पोरगं नासवलं बघा, साहेब. तुमची पोलिसांत ओळख आहे. त्याला तेवढं घरी आणायचं बघा. एकदा लग्न लावून दिलं की येतंय लायनीवर."

मुलगा सव्वीस वर्षांचा, नोकरीला, स्वतःच्या पायावर उभा. यात पोलीस काय करणार? मी अण्णांना समजावलं, पण जे सांगायला हवं होतं ते सगळं सांगता आलं नाही. ते इथं लिहितोय.

२०२३ च्या फेब्रुवारीत मी मेहुण्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईत होतो. आपल्याकडचा एक तरुण तिथं नोकरी करतो, माझ्या पोस्ट वाचतो. त्याचा फोन आला. "सर, आलाच आहात तर शनिवारी ऑगस्ट क्रांती मैदानावर या. आमची प्राईड आहे. आणि रात्री पार्टीलाही चला. एकदा बघा आणि मग काय लिहायचं ते लिहा." खरं सांगतो, मी आधी नाहीच म्हणालो. कुणी बघितलं तर? पंचेचाळिशीतल्या, दोन पोरांच्या बापाला ही भीती वाटली. विशीतल्या पोराला काय वाटत असेल, याचा अंदाज त्यावरून करा.

मुंबईत ही यात्रा २००८ साली सुरू झाली, 'क्वीअर आझादी मुंबई' या नावानं. देशातली पहिली त्याआधीची, १९९९ ची, कोलकात्याची. तेव्हा जेमतेम पंधरा माणसं चालली होती. मी गेलो त्या वर्षी कोविडनंतर पहिल्यांदाच मुंबईत यात्रा निघत होती, त्यामुळं गर्दी मोठी. ढोल होते, साड्या नेसलेले पुरुष होते, कोट घातलेल्या बायका होत्या, तृतीयपंथी होते. आणि साधा शर्ट-पँट घालून बाजूबाजूनं चालणारी, आपल्या एसटी स्टँडवर दिसतात तशी शेकडो पोरं होती. टीव्हीवर ही दिसत नाहीत, कारण कॅमेरा रंगीत पिसांकडं वळतो. काहींच्या तोंडावर मास्क होते. मला वाटलं कोविडचे. तो तरुण म्हणाला, "नाही सर, गावाकडं कुणी ओळखू नये म्हणून."

संध्याकाळी मैदानाबाहेर दोन पोरं पाण्याच्या बाटलीनं तोंड धूत होती. बोलण्यावरून सोलापूरकडची वाटली, म्हणून विचारलं. बरोबर निघालं. रात्रीची सिद्धेश्वर पकडायची होती. गालावरचा रंग निघेना म्हणून एक जण रुमालानं घासत होता. मी म्हटलं, "पार्टीला नाही थांबणार?" तर म्हणाला, "नाही हो. पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं, खरेदी राहिलीय."

"मुलीला माहितीये?"

तो काही बोलला नाही. रुमाल पिळून परत घासायला लागला.

अण्णा, लायनीवर येतंय म्हणता ना, ते असं येतं. त्या मुलीचं काय झालं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तिनं कुणाचं काय वाकडं केलं होतं? चार-पाच वर्षांनी तिलाच विचारणार, पाळणा का हलत नाही? तिलाच डॉक्टरकडं नेणार, तिलाच बाबाकडं नेणार. आपण पोराला सुधारायला म्हणून दुसऱ्याची लेक वापरतो. याला लग्न म्हणायचं की फसवणूक, ते ज्याच्या घरात मुलगी आहे त्यानं ठरवावं.

आता रात्रीच्या पार्टीबद्दल. कारण अण्णांचा खरा राग तिच्यावरच होता.

मुंबईत गे लोकांच्या पार्ट्या नवीन नाहीत. नव्वदच्या दशकात कुलाब्यात, ताजच्या मागच्या बाजूला व्हूडूज नावाचा पब होता. तिथली शनिवारची रात्र त्यांची असायची. मग 'गे बॉम्बे' सारखे गट पार्ट्या ठेवू लागले, पण ठिकाण जाहीर होत नसे. ओळखीनं, निरोपानं कळायचं, कारण कलम ३७७ डोक्यावर होतं. आज अंधेरीतल्या ललित हॉटेलच्या किट्टी सू क्लबमध्ये उघडपणे ड्रॅग शो होतात. त्या हॉटेलवाल्या घरातले केशव सुरी हे ३७७ विरुद्धच्या याचिकाकर्त्यांपैकी एक. तरी कायमचे असे बार नाहीतच म्हणा. आज या हॉटेलात, पुढच्या महिन्यात त्या हॉटेलात, अशी एखादी रात्र भाड्यानं घेतल्यासारखी मिळते.

मी गेलो ती पार्टी उपनगरातल्या एका हॉटेलात होती. एंट्रीचे हजार रुपये, आत पाण्याची बाटलीही महाग. म्हणजे दहा-बारा हजार पगाराचं पोरगं इथं येऊच शकत नाही. ते मग लोकलच्या डब्यात, बागेत, नाहीतर मोबाईलच्या ॲपवर ओळख शोधतं. तिथं धोके आहेत, हेही लिहायलाच हवं. ॲपवरून बोलवायचं, व्हिडिओ काढायचा आणि घरी सांगू म्हणून पैसे उकळायचे, असे गुन्हे होतात. या धंद्याचं भांडवल एकच, ते म्हणजे घरी कळण्याची भीती. घरच्यांना आधीच माहीत असेल, तर ब्लॅकमेल करणारा काय सांगणार?

आत मला वाटलं होतं तसं काही नव्हतं. गोंगाट, लाईट, घाम, आपल्या वरातीत असतं तेवढंच. काही जण दारू पिऊन बरळतही होते, खोटं कशाला बोलू? भिंतीला टेकून नुसतं बघत उभे असलेलेही बरेच होते. रात्री बाराच्या सुमारास डीजेनं 'वाजले की बारा' लावलं आणि एक सडपातळ पोरगा मधोमध येऊन असा नाचला, की मीही शिट्टी मारली. त्याला नंतर विचारलं, कुठं शिकलास? म्हणाला, "गावी. दार लावून, आई शेतात गेल्यावर."

'नटरंग' २०१० साली आला तेव्हा आपल्याकडं हाऊसफुल्ल चालला होता. नाच्या झालेल्या गुणाची परवड बघून थेटरात माणसं डोळे पुसत होती. गणपतीत पोरानं नऊवारी नेसून लावणी केली की आपण हजाराची नोट काढायचो. मग तेच पोरगं शाळेत बायल्या, बाजारात छक्का कसं होतं? स्टेजवर चालतं, घरात नको, एवढाच आपला हिशेब.

कुणी म्हणेल, हे पाश्चात्य खूळ आहे. हो, प्राईडचं मूळ परदेशातलं. १९६९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल नावाच्या बारवर पोलिसांनी धाड टाकली, लोकांनी प्रतिकार केला, त्याच्या आठवणीत हे मोर्चे सुरू झाले. म्हणजे त्याची सुरुवातही एका रात्रीच्या बारमधूनच. पण ३७७ हा कायदा तरी कुठला? इंग्रजांचाच. आणि आपल्याकडचंच बघायचं, तर र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या असल्या प्रश्नांना उत्तरं छापायचे. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली हायकोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. केस हरले, पण उभे राहिले. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ चं. मराठी माणसाला हा विषय कालपरवा कळलाय, असं नाही.

आता माझ्याबद्दल. वीस वर्षांपूर्वी मी डिप्लोमा करून नुकताच पत्रकारितेत आलो होतो. एके दिवशी एका लॉजवर दोन पुरुष सापडले. माहिती मिळाली, मी बातमी केली. 'लॉजवर अश्लील चाळे, दोघे ताब्यात.' नावं दिली, गावं दिली, एकाचं टेलरिंगचं दुकान कुठं आहे तेही दिलं. नियमानं माझ्या बातमीत एकही चूक नव्हती. महिनाभरात त्या दुकानाला कुलूप लागलं. माणूस कुठं गेला, कुणाला माहीत नाही. बायको-मुलं माहेरी गेली. संपादकांनी पाठ थोपटली होती, मी ते कात्रण बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. त्या रात्री पार्टीत पन्नाशीचा एकेक माणूस दिसला की मी उगाच चेहरा बघत होतो. तो असता तरी मी काय बोललो असतो, देव जाणे.

म्हणून सांगतो, मुंबई कुणाला बिघडवत नाही. आपण इथून हाकलतो आणि मुंबई ठेवून घेते. तीसुद्धा फुकट नाही, एंट्री घेऊन, एका रात्रीपुरती.

कायद्याचं थोडक्यात. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. लग्नाची मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाली नाही. आणि 'ट्रीटमेंट करून बरा करतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. बोलायला माणूस हवा असेल, तर मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आहे. 'स्वीकार' नावाचा तर आईवडिलांचाच गट आहे. अण्णा, तिथं तुमच्यासारखेच लोक भेटतील. आधी रडलेले, मग सावरलेले.

पत्रकार मित्रांना एकच मागणं. दोन सज्ञान माणसांच्या खोलीत डोकावून बातमी करू नका. एका कॉलमची बातमी असते, पण त्या घराला ती जन्मभर पुरते.

अण्णांनी काल फोन केला होता. पोलिसांचा विषय काढला नाही. म्हणाले, दिवाळीला येतो म्हणतोय पोरगा, पण त्याला विचारायचं काय ते सुचत नाही. मी म्हटलं, काही विचारू नका. स्टँडवर घ्यायला तेवढं जा.

जातो म्हणालेत. बघू.