टाकीत मीठ घालण्याआधी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घरी मासे पाळणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: पाणी बदलले की थोडे खडेमीठ टाका, मासे आजारी पडत नाहीत. हौशी लोकांच्या टाकीत आता ॲक्सोलॉटल हा मेक्सिकोचा उभयचर प्राणीही अधूनमधून दिसतो आणि तोच सल्ला त्यालाही लागू केला जातो. तो तसा लागू करू नये. मीठ हे या प्राण्यासाठी औषध आहे आणि औषध रोज घालायचे नसते.

यामागचे शास्त्र सोपे आहे. रुग्णाला लावतात त्या सलाइनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते. बेडकाच्या पेशींसाठी प्रयोगशाळेत बनवतात त्या सलाइनमध्ये ते सुमारे साडेसहा ग्रॅम असते. म्हणजे उभयचरांच्या शरीरातला द्रव गोड्या पाण्यापेक्षा बराच खारट असतो. त्यामुळे बाहेरचे पाणी त्वचेतून सतत आत शिरते आणि मूत्रपिंडे ते सतत बाहेर टाकतात. पाण्यात थोडे क्षार असले की हा भार हलका होतो. म्हणूनच संशोधन संस्थांत ॲक्सोलॉटल अनेकदा 'होल्टफ्रेटर' नावाच्या द्रावणात ठेवतात. मूळ द्रावणात लिटरमागे ३.४६ ग्रॅम मीठ असते, आणि प्राण्यांसाठी ते निम्म्याहूनही पातळ करून वापरतात. मात्र त्यात मिठाबरोबर कॅल्शियम, पोटॅशियम आणि सोड्याचे क्षारही मोजून घातलेले असतात. स्वयंपाकघरातली चिमूट म्हणजे ते द्रावण नव्हे.

इथे 'क्षार' आणि 'मीठ' यांची गल्लत होते. ॲक्सोलॉटलला थोडे कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेले पाणी मानवते, आणि मिठातून ते मिळत नाही. काही घरांत आरओचे पाणी 'शुद्ध' म्हणून टाकीत ओततात. माणसाला शुद्ध वाटणारे हे पाणी या प्राण्याला घातक ठरू शकते, कारण त्यातले क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात. त्यापेक्षा नळाचे पाणी क्लोरीन काढून वापरणे बरे. नळाला धरणाचे पाणी येते की सोसायटीच्या बोअरचे, यानेही फरक पडतो. म्हणून कठीणपणा तपासण्याचे साधे किट आधी आणावे.

दुसरी चूक हिशेबाची. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. टाकीतले पाणी आटले म्हणून भर घातली आणि प्रत्येक वेळी चमचाभर मीठही टाकले, तर काही आठवड्यांत पाणी कुणाच्या नकळत खारट होते. त्वचेवरचा चिकट संरक्षक थर आणि नाजूक कल्ले यांना त्याचा त्रास होतो.

मग मीठ आठवते कधी? कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी दिसली, की. बुरशीवर थोड्या वेळाची, मोजून केलेली मिठाची आंघोळ उपयोगी पडते, पण ती वेगळ्या भांड्यात आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. बुरशी हे मात्र लक्षण आहे. तापावर गोळी दिली म्हणून तापाचे कारण शोधायचे सोडत नाहीत. इथे कारण बहुतेकदा दोनांपैकी एक असते. एक, नव्या टाकीत विष्ठेतून तयार होणारा अमोनिया. तो पचवणारे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात आणि मीठ अमोनिया काढत नाही. दुसरे कारण उष्णता. या प्राण्याला १६ ते १८ अंशांचे पाणी हवे. २४ अंशांच्या वर त्याचे हाल सुरू होतात. डोंबिवलीत एप्रिल-मेमध्ये टाकीतले पाणी विना-चिलर तिशीच्या आसपास सहज जाते. १८ अंशांना पाण्यात लिटरमागे साधारण साडेनऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. उन्हाळ्यात खरे औषध थंडावा आहे, आणि तो पुडीत मिळत नाही.

म्हणून खरा प्रश्न टाकी घेण्याआधी विचारायला हवा: चिलर आणि त्याचे वीजबिल वर्षभर परवडेल का? हा काही दुकानात संपत नाही असा माल नाही. मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत १९९८ मध्ये चौरस किलोमीटरमागे सुमारे ६ हजार ॲक्सोलॉटल होते; २०१४ मध्ये ते चाळीसच्याही आत आले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांत त्याचा समावेश आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतातही अशा प्राण्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते.

ज्यांच्या घरी तो आधीच आहे, त्यांनी मिठाचा डबा बाजूला ठेवून थर्मामीटर आणि अमोनियाचे किट आणावे. जे अजून विचारात आहेत, त्यांनी मे महिन्यातल्या दुपारी आपल्या दिवाणखान्यात बादलीभर पाणी ठेवून संध्याकाळी त्याचे तापमान मोजावे. पंचवीसच्या वर आकडा दिसला आणि चिलरची तयारी नसेल, तर हा प्राणी घरी आणू नये.