साधन असावे, कुलूप नसावे

‘म्हातारपणी विसर पडायचाच,’ असे म्हणून आपण पुष्कळ गोष्टी सोडून देतो. पण गॅस पेटता ठेवून विसरणे, राहत्या चाळीत आपली खोली न सापडणे, पोटच्या मुलाला ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारणे, हे नुसते म्हातारपण नव्हे. हा स्मृतिभ्रंश असू शकतो. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने किंवा थायरॉईडच्या दोषानेही विसर पडतो व तो उपचाराने सुधारू शकतो. म्हणून तपासणी आधी करावी.

आमच्या परिचयाच्या एका घरात अशा आजी आहेत. संध्याकाळ झाली की ‘घरी जायचंय’ म्हणून त्या बाहेर निघत. त्रासून घरच्यांनी दाराला बाहेरून कुलूप लावले. आजी आतून दार बडवीत राहत. आम्ही म्हटले, कुलूप काढा, दाराला घुंगरांची माळ बांधा. आता दार हलले की आवाज होतो, सून पायात चप्पल घालून सोबत जाते आणि दोघी गल्लीच्या टोकापर्यंत फिरून परत येतात. आजींच्या कमरेच्या पिशवीत नाव, पत्ता व फोन नंबरची चिठ्ठी असते.

साधन निवडताना आमची कसोटी एकच. त्याने माणसाचे हातपाय चालते राहावेत, बांधले जाऊ नयेत.

अंथरुणापासून संडासापर्यंत रात्री मंद दिवा ठेवावा. मोरीत रबरी जाळीची चटई, बसून आंघोळीसाठी पक्का स्टूल आणि भिंतीत नीट बसवलेला लोखंडी दांडा असावा. टॉवेलच्या दांडीला धरून उठू देऊ नये, ती निखळते. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकावी. काळे पायपुसणे अशा माणसाला खड्ड्यासारखे दिसू शकते, तेव्हा ते उचलावे. आरशातला चेहरा परका वाटून माणूस घाबरत असेल, तर आरशावर कापड टाकावे.

मोठ्या आकड्यांचे घड्याळ व रोज पान फाडायचे कॅलेंडर समोर लावावे. पांढरा भात पांढऱ्या ताटात दिसत नाही, रंगीत ताट घ्यावे. नाड्याऐवजी इलॅस्टिक लावावे. गोळ्यांसाठी सात खणांची डबी आणावी, पण ती घरच्यांनी आपल्या हाती ठेवावी. रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा.

यातले बरेचसे थोड्या पैशांत होते. कमोडची खुर्ची, वॉकर, श्रवणयंत्र मात्र महाग पडतात. त्यासाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या व कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना अशा वस्तूंसाठी एकवेळ ३ हजार रुपये देण्याची तीत तरतूद आहे. सध्याच्या अर्जांविषयी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनीही आहे.

शेवटी एक सांगावेसे वाटते. घुंगरू वाजले की उठणारे माणूस बहुतेक घरांत एकच असते आणि ती सून किंवा लेक असते. रात्र तिच्या एकटीच्या वाट्याला येऊ नये. मुलांनी आणि जावयांनीही पाळ्या लावून घ्याव्यात. तिची झोप विकत मिळणाऱ्या कोणत्याही साधनाने भरून निघत नाही.