सॉफ्टवेअर फुकट आहे, वेळ नाही

मागच्या महिन्यात एका ऑनलाइन कार्यशाळेत बसलो होतो. विषय होता स्वतंत्र ॲनिमेशन. बोलणारे गृहस्थ मोठ्या संस्थेतून शिकलेले, स्वतःचा स्टुडिओ असलेले. शेवटी बिहारमधल्या एका मुलीने विचारलं, "सर, घरून पैसे येत नाहीत, उलट पाठवावे लागतात. नोकरी करून सुरुवात कशी करू?" सर हसले. म्हणाले, आता कुणाला कारणं सांगायला जागाच उरलेली नाही. ब्लेंडर फुकट, यूट्यूब फुकट. लॅटव्हियातल्या एका तरुणाने ह्याच फुकटच्या सॉफ्टवेअरवर सिनेमा केला आणि ऑस्कर नेलं. आणि मग ते ठरलेलं वाक्य आलं: टॅलेंटला जात नसते.

मुलीने "थँक यू सर" लिहिलं. मी माईक बंदच ठेवला, त्याची चुटपुट अजून आहे. तेव्हा बोललो नाही ते इथे लिहितो.

गिंट्स झिल्बालोदिसची गोष्ट खरी आहे, फक्त अर्धीच सांगितली जाते. 2019 चा ‘अवे’ हा सव्वा तासाचा सिनेमा त्याने साडेतीन वर्षं एकट्याने बसून केला. पण ज्याला 2025 मध्ये ऑस्कर मिळालं तो ‘फ्लो’ एकट्याचा नव्हता. त्यामागे लॅटव्हिया, फ्रान्स आणि बेल्जियम इथले निर्माते होते, सरकारी निधी होता, आणि खर्च 35 लाख युरोंच्या आसपास गेला. साधन फुकट होतं. माणसांचे पगार कुणीतरी भरले. आणि ब्लेंडर तरी आपोआप फुकट झालं का? 2002 मध्ये टॉन रोझेंडाल ह्या माणसाने लोकांकडून एक लाख युरो गोळा केले, गुंतवणूकदारांच्या ताब्यातून ते सॉफ्टवेअर सोडवलं आणि मग ते सगळ्यांसाठी खुलं झालं. म्हणजे वर्गणी काढली. हा शब्द आपल्याला नवा नाही, त्याच्याकडे पुन्हा येतो.

आधी हिशेब करू. पडद्यावर एका सेकंदात 24 फ्रेम जातात. काटकसर करून एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला 12 चित्रं लागतात. तीन मिनिटांच्या फिल्मला 2160. एका चित्राला दहा मिनिटं पकडा, हात बसलेला असेल तर. झाले 360 तास. नोकरीवरून येऊन, भात लावून, रोज दोन तास बसलात तर 180 दिवस, एकही दिवस न चुकता. ह्यात मागची दृश्यं नाहीत, आवाज नाही, जोडणी नाही, चुकलेलं पुन्हा काढणं नाही. मग ती फिल्म यूट्यूबवर टाकायची. तिथे लांब व्हिडिओवर जाहिरातीचे पैसे मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत 4000 तास बघितलं जाणं लागतं. तीन मिनिटांची तुमची फिल्म 80 हजार वेळा पूर्ण पाहिली गेली की 4000 तास होतात. त्यानंतर जाहिरातीच्या उत्पन्नातले 55 टक्के तुमचे. तोवर कॅमेऱ्यासमोर बसून बोलणारा माणूस रोज एक व्हिडिओ टाकून पुढे निघून गेलेला असतो.

ज्याच्या घरात बापाची पेन्शन आहे, शहरात स्वतःचं घर आहे, त्याला सहा महिने "स्वतःचं काही करून बघतो" म्हणता येतं. त्याला घरचे ‘क्रिएटिव्ह’ म्हणतात. आपल्या घरात पहिली पदवी आली की त्याच आठवड्यात बहिणीची फी, पत्र्याचं छत आणि बचत गटाचं कर्ज दारात उभं असतं. "कार्टून काढून पोट भरतं का?" असं आई विचारते तेव्हा ती कलेची शत्रू नसते. ती तोच 360 तासांचा हिशेब करत असते, फक्त मजुरीच्या भाषेत.

मी हैदराबादच्या एका स्टुडिओत रोटो करतो. रोटो म्हणजे परदेशातल्या सिनेमातल्या नटाभोवती फ्रेमगणिक रेघ ओढत त्याला मागच्या दृश्यातून वेगळं काढणं. केसांची बट न् बट. ह्या धंद्यातलं हे झाडलोटीचं काम आहे. नीट झालं तर कुणाला दिसत नाही. आमच्या मजल्यावर दुपारी डबे उघडले की कोण कुठून आलंय ते कळतं. गोष्ट कुठली सांगायची हे ठरतं त्या मजल्यावर मी चार वर्षांत दोनदा गेलो, दोन्ही वेळा हार्ड डिस्क पोहोचवायला. 2022 च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी कृतिगट जाहीर केला, त्यानंतर मुंबईत संस्थाही आली. सगळीकडे शब्द एकच, रोजगार. दुसऱ्याच्या नटाभोवती रेघ ओढण्याचा रोजगार आम्हाला आधीच आहे. आपली गोष्ट काढायला पगार कोण देणार, हे कुणी बोलत नाही.

तोवर पडदा रिकामा थोडाच राहतो. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाने 1957 मध्ये ‘द बनियन डिअर’ केला तो जातककथेवर, हे आज सांगावं लागतं. नंतर 2005 चा ‘हनुमान’ चालला आणि बाजाराला वाट सापडली: देवांचं बालपण. 2025 मध्ये ‘महावतार नरसिंह’ने तिकीटबारी हलवली. 2008 पासून घराघरात असलेला ‘छोटा भीम’ घ्या. गोरा, गुणी, लाडू खाणारा नायक. आणि त्याच्यावर जळणाऱ्या, मार खाणाऱ्या आडदांड पोराचं नाव काय? कालिया. माझी भाची सावळी आहे. वर्गातली पोरं तिला काय म्हणून चिडवत असतील, वेगळं सांगत नाही.

इथवर वाचून माना डोलावणाऱ्यांसाठी आता जरा अवघड भाग.

आपल्याकडे ॲनिमेशन करणारी पोरं नाहीत हे खोटं आहे. 14 एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस आपल्या वस्त्यांमधले मोबाईल बघा. परभणीत, नागपुरात, सोलापुरात, तेलंगणात, उत्तर प्रदेशात पोरं काइनमास्टर आणि अलाइट मोशनवर रात्र रात्र जागतात. निळ्या धुरातून कोट आणि चष्मा उगवतो, मागे संसद उभी राहते, अशोकचक्र फिरतं, ठोक्यावर नाव चमकतं. त्या ठोक्याचं टायमिंग बघा. आमच्या स्टुडिओतल्या कित्येकांना ते जमत नाही. ही पोरं पैसे घेत नाहीत, नाव टाकत नाहीत, कुठल्या महोत्सवात अर्ज करत नाहीत. देशातलं हे एक मोठं स्वतंत्र ॲनिमेशन आहे आणि कुठल्याही अहवालात त्याची नोंद नाही.

पण त्या व्हिडिओंमध्ये बाबासाहेब नुसते उभे असतात. हातातलं पुस्तक कधी उघडत नाही. ते चालत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, तळ्याकाठी वाकून ओंजळ भरत नाहीत. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर गेलेल्या हजारो माणसांतली एकही बाई, एकही पोर त्यात दिसत नाही. लोकांना झालेली मारहाण नाही, तळं ‘शुद्ध’ करायला ओतलेल्या शेण-गोमूत्राच्या घागरी नाहीत. ह्या घागरींहून चांगला ॲनिमेशनचा प्रसंग मला तरी सुचत नाही, आणि तो काढायला पिक्सार लागत नाही. आपण पुतळ्याला हलवायला शिकलो, गोष्टीला नाही.

गोष्टीची गरज आपल्यालाच जास्त आहे, कारण ज्यांचे फोटो निघाले नाहीत त्यांच्यासाठी हे माध्यम आहे. सवर्ण घराच्या भिंतीवर पणजोबांचा फोटो असतो. माझ्या आजीने 1972 च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडली, सहा लेकरं वाढवली. ती गेली तेव्हा हार घालायला फोटो नव्हता. रेशनकार्डावरच्या फोटोतून नखाएवढा चेहरा कापून मोठा करून आणला, त्यात डोळे कुठे आहेत ते कळत नाही. ह्या बाईवर माहितीपट कसा करणार? काढावीच लागेल ती.

दुसरा उपयोग आजचा आहे. 2021 चा ‘फ्ली’ हा डेन्मार्कचा माहितीपट एका अफगाण निर्वासिताची कहाणी सांगतो. माणूस खरा, बोलणं त्याचं, पण नाव बदललेलं आणि चेहरा चित्रातला. अत्याचाराच्या खटल्यातल्या आपल्या साक्षीदारांचा विचार करा. 2015 च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क दिला, पण त्याच गावात राहायचं असेल तर कॅमेऱ्यासमोर तोंड कोण दाखवणार? चेहरा धूसर केला की साक्षीदार गुन्हेगारासारखा दिसतो. चित्रात त्याला चेहरा देता येतो, त्याचा नसलेला.

म्हणून वर्गणी. डीजेवर तोंडसुख घेणाऱ्यांत मी नाही. वर्षभर दबलेला आवाज एक रात्र मोठा झाला तर सवर्ण सोसायट्यांची झोप मोडते, मोडू दे. पण आमच्या वस्तीत मिरवणुकीचा खर्च लाखांत जातो आणि व्हिडिओ करणाऱ्या पोराला चहा मिळतो. चार जयंती समित्यांनी मिळून एका पोराला किंवा पोरीला सहा महिन्यांचा पगार द्यावा. उपकार म्हणून नाही, पगार म्हणून, महिन्याच्या एक तारखेला. अट एकच: आपल्याच तालुक्यातली एक गोष्ट, तीन मिनिटांची, करणाऱ्याच्या नावानिशी. आणि माझ्यासारख्या नोकरदारांनी, "वेळ मिळाला की करू" म्हणत बसलेल्यांनी, शिकवायला रविवार द्यावा. मी देतो.

आजीची फिल्म मी दीड वर्षापासून काढतोय. 40 सेकंद झालेत, म्हणजे 480 चित्रं. सध्याच्या शॉटमध्ये ती खडी फोडते. हातोडा वर जातो तेव्हा पदर कसा सरकतो, ते आईला व्हिडिओ कॉलवर विचारलं. आई म्हणाली, "सरकत कशाला? ती कमरेला घट्ट खोचून बसायची." म्हणजे 36 चित्रं पुन्हा काढायची आहेत.